ऑटो डायलरवरून गिऱ्हाईक शोधताना: विदर्भातल्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. ठिबक, फवारणी पंप, ताडपत्र्या, रोटाव्हेटरचे सुटे भाग. दुकानाच्या मागच्या खोलीत चार मुली हेडफोन लावून बसतात. ते पाहिलं की कृषी केंद्रवाले, ट्रॅक्टरवाले, सरकी-ढेपवाले हटकून विचारतात: हे मशीन काय आहे, आपल्याला परवडेल का, याच्यापायी कोणी पकडून तर नेणार नाही ना? तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून टाकतो.

ऑटो डायलर म्हणजे नेमकं काय?

नंबर दाबण्याचं काम माणसाकडून काढून संगणकाला दिलं, एवढंच. तुमची यादी त्यात भरायची. संगणक एकेक नंबर लावतो. बंद असलेला, व्यस्त असलेला, वाजून वाजून थांबलेला नंबर आपणच बाजूला टाकतो आणि पलीकडून कोणी "हॅलो" म्हटलं की तो फोन मुलीच्या कानात देतो. हातानं फोन लावणाऱ्या माणसाचा दिवस कशात जातो ते एकदा शेजारी बसून पाहा. बोलण्यात कमी जातो, रिंग ऐकण्यात जास्त.

टेलिफोनचं जाळं प्रत्येक न लागलेल्या फोनचं कारण आकड्यात कळवतं. १७ म्हणजे व्यस्त, १९ म्हणजे वाजला पण उचलला नाही, १ म्हणजे असा नंबरच कोणाला दिलेला नाही. डायलर घेताना हे आकडे अहवालात दिसतात का ते आधी विचारा. १७ आणि १९ वाल्यांना संध्याकाळी पुन्हा लावता येतं, १ वाला यादीतून कायमचा काढायचा. सगळं एकाच "न लागलेले" खान्यात टाकणारा डायलर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

किती प्रकार असतात? आपल्याला कोणता?

प्रिव्ह्यू प्रकारात नंबर लागण्याआधी गिऱ्हाईकाची माहिती पडद्यावर येते, मुलगी ती वाचते आणि मग बटण दाबते. प्रोग्रेसिव्ह प्रकारात मुलगी मोकळी झाली की मशीन आपणहून पुढचा एकच नंबर लावतं. प्रेडिक्टिव्ह प्रकारात एका मुलीमागे तीन-चार नंबर एकदम लावले जातात, त्यातला एखादाच उचलला जाईल या हिशोबानं. चौथा प्रकार रेकॉर्ड केलेला आवाज हजारो लोकांना ऐकवण्याचा, त्याबद्दल पुढे येईलच.

विकायला येणारा पोरगा तुम्हाला प्रेडिक्टिव्हच दाखवेल, कारण त्याचे आकडे भारी दिसतात. लहान दुकानाला तो का झेपत नाही ते समजून घ्या. समजा एक बोलणं सरासरी दोन मिनिटं चालतं. चाळीस माणसं बोलत असतील तर १२० सेकंदांत चाळीस जण मोकळे होतात, म्हणजे दर ३ सेकंदांना कोणीतरी. जास्तीचा एक फोन उचलला गेला तरी पलीकडचा माणूस तीन सेकंद थांबतो आणि त्याला कोणीतरी भेटतं. आपल्याकडे चार मुली. तिथे कोणीतरी मोकळं व्हायला ३० सेकंद लागतात. "हॅलो, हॅलो" म्हणत अर्धा मिनिट कोण थांबतं? मशीन तो फोन तोडून टाकतं. याला गप्प कॉल म्हणतात.

शिवाय आकडे सारखे येत नाहीत. तिघांतला एक उचलतो असं धरून चार मोकळ्या मुलींसाठी बारा नंबर लावले, तर सरासरी चारच उचलणार. पण सरासरी म्हणजे दरवेळी चार नव्हे. हिशोब मांडला तर दर तीन खेपांतल्या एकीपेक्षा जास्त वेळा पाच किंवा अधिक जण उचलतात. प्रत्येक अशा खेपेला कोणीतरी एकटाच फोन कानाला लावून उभा राहतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पहिले पंधरा दिवस आमच्याकडे प्रेडिक्टिव्हच होतं. बाजाराच्या दिवशी एक काका दुकानात आले. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, रबर लावलेला कीपॅडचा फोन काढला, पिशवी सोडली, फोन माझ्यापुढे धरला. "कोनाचा नंबर हाये हा, पाहून सांग बरं. उचलला का कोनीच बोलत नाही. पोरगं नागपूरले दवाखान्यात भरती हाये. मले वाटे तिकूनच फोन येऊन रायला." आमच्याच लाइनचा नंबर होता, दोन दिवसांत चार वेळा. मी खरं सांगितलं. काका काही बोलले नाहीत, रबर लावलं, पिशवी खिशात ठेवली आणि समोरच्या दुकानातून फवाऱ्याचे नोझल घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी प्रेडिक्टिव्ह बंद केलं. आता जुन्या गिऱ्हाइकांसाठी प्रिव्ह्यू, नव्या चौकशांसाठी प्रोग्रेसिव्ह. फोन कमी होतात, हो. अमेरिकेतल्या नियमात उचललेल्या फोनवर दोन सेकंदांत माणूस यायलाच हवा आणि तुटलेले फोन ३ टक्क्यांच्या आत हवेत, असं बंधन आहे. आपण तर एकमेकांच्या लग्नात जेवणारे लोक. आपली मर्यादा शून्यच असायला हवी असं माझं मत आहे.

हे कायदेशीर आहे का?

आहे, पण नोंदणी करूनच. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे व्यावसायिक संदेशांचे नियम लागू होतात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले आहेत. आपल्या कामापुरतं सांगतो.

पहिली गोष्ट डीएलटीची, म्हणजे व्यावसायिक फोन-मेसेज करणाऱ्यांच्या नोंदणीची. टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर तुमच्या फर्मची नोंद करावी लागते. पॅन, जीएसटी, अधिकारपत्र तयार ठेवा. आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो पॅनवरचं आणि जीएसटीवरचं फर्मचं नाव एका अक्षरानं वेगळं होतं म्हणून.

दुसरी गोष्ट नंबरची. विक्रीचा, जाहिरातीचा फोन १४० नं सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करायचा. १६०० ची मालिका बँका, विमा, सरकारी कामाच्या सेवा-कॉलसाठी आहे, ती आपल्यासाठी नाही. साध्या दहा आकडी नंबरावरून विक्रीचे फोन करायला मनाई आहे.

तिसरी डीएनडीची, म्हणजे जाहिरात नको म्हणणाऱ्यांच्या यादीची. ज्यानं १९०९ वर फोन किंवा मेसेज करून जाहिराती बंद केल्या, त्याला लावायचं नाही. यादी डायलरमध्ये चढवण्याआधी डीएनडीशी ताडून घ्यायची. हे एकदा करून भागत नाही. माणूस आज नाव नोंदवतो, उद्या तुमची जुनी यादी त्याला फोन लावते.

आणि ज्या कंपनीची लाइन घेता, तिला आपण ऑटो डायलर वापरतो हे आधी कळवायचं. हा मुद्दा बहुतेक जण विसरतात, कारण डायलर एकाकडून आणि लाइन दुसऱ्याकडून घेतलेली असते.

इतकं कोण करतं? मोबाईलमध्ये डायलरचं अ‍ॅप टाकून घरच्या सिमवरून केलं तर?

करणारे खूप आहेत. त्यांच्यापैकी दोघांचे नंबर बंद पडलेले मी स्वतः पाहिले आहेत, त्यातल्या एकाच्या दुकानाचा बोर्ड, बिलबुक आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळीकडे तोच नंबर होता.

नियम असा आहे: नोंदणी न करता विक्रीचे फोन करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. आधी ही मर्यादा सात दिवसांत दहा तक्रारींची होती. तक्रार करायला गिऱ्हाईक डीएनडीत असावंच असंही आता राहिलं नाही आणि फोन आल्यापासून सात दिवसांपर्यंत तक्रार करता येते. पहिल्या वेळी जावक सेवा पंधरा दिवस बंद, पुन्हा सापडलात तर सगळी कनेक्शनं वर्षभरासाठी जातात. सगळी म्हणजे त्या एका सिमची नव्हे, तुमच्या नावावरची.

मग कोणी म्हणतं, सालदाराच्या, पुतण्याच्या नावावर सिम काढू. एका माणसाच्या नावावर नऊच सिम चालतात, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं खोटेपणानं सिम मिळवणं हा तुरुंगाचा गुन्हा केला आहे. बत्तीस सिमचा डबा विकणारे भेटतील, "नागपूरला सगळे हेच वापरतात" म्हणतील. त्या डब्याला हात लावू नका.

ऑफिसच्या मोठ्या लाइनवाल्यांनाही सूट नाही. नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या सगळ्या लाइन तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश ट्रायनं ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांना दिला आहे.

नंबर कुठून आणायचे? विकत मिळतात म्हणे.

मिळतात. माझ्याकडेही एक जण पेन ड्राइव्ह घेऊन आला होता. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची यादी, नाव, गाव, मोबाईल, कोणत्या योजनेचा लाभ. उघडून पाहिलं. माझ्या सख्ख्या मामाचं नाव होतं. मामा जाऊन चार वर्षं झाली.

फसवणुकीचा भाग सोडा, अशी यादी कामाचीच नसते. बंद पडलेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. तुम्ही उमरखेडच्या शेतकऱ्याला म्हणून फोन लावता, उचलतो पिंपरी-चिंचवडचा रिक्षावाला. आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्या माणसानं आपला नंबर ज्या कामासाठी दिला त्याच कामाला तो वापरायचा, हा त्याचा गाभा. दंडाची कमाल २५० कोटी आहे. आपलं दुकान विकून त्याचं व्याजही निघणार नाही.

खरी यादी तुमच्या माळ्यावर पडली आहे: बिलबुकं. आम्ही पाच वर्षांची उतरवून काढली. बाबांच्या अक्षरात ३ आणि ८ सारखेच, त्यामुळे कित्येक नंबर दोनदा लावून पाहावे लागले. नावाच्या जागी "बंडूचा पोरगा", "टाकळीवाले, निळा पंप" असं. त्या बंडूचा पोरगा कोण ते शोधायला बाबांनाच खुर्ची टाकून बसवलं. त्यांना प्रत्येकाची उधारीसकट आठवण होती. दीड महिना लागला, पण हाती आलं ते कुठलाच पेन ड्राइव्ह देऊ शकत नाही.

यादीत काय काय लिहायचं?

नाव, गाव, काय घेतलं, केव्हा घेतलं. आणि चार खाने असे जे तयार सॉफ्टवेअरमध्ये नसतात, मागून घालून घ्यावे लागतात. फोन कोणाचा: स्वतःचा, पोराचा की शेजाऱ्याचा. ओलीत की कोरडवाहू, कारण कोरडवाहू माणसाला ठिबकबद्दल विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. गावाचा बाजार कोणत्या वारी. आणि पंपाला लाईट सध्या दिवसा आहे की रात्री. हा शेवटचा खाना का, ते पुढच्या उत्तरात.

फोन कधी करावा?

या एका प्रश्नावर धंदा उभा राहतो किंवा बसतो. मशीन कोणतंही घ्या.

कृषी पंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते. ज्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी, तिथला माणूस रात्रभर ओलीत करून, विंचू-साप चुकवत, पहाटे घरी येऊन पडलेला असतो. त्याला सकाळी साडेदहाला "काका, नवीन पंप आलाय" म्हणून उठवलं तर तो पंप घेणार नाही, आणि काय घालेल ते ऐकायला मुलगी बसलेली असते. अशा गावांना आम्ही दुपारी चारनंतर लावतो. दिवसपाळीच्या गावांना संध्याकाळी साडेसहा ते आठ, हातपाय धुऊन चहाला बसले असतात तेव्हा. दुपारी बारा-एकला वावरात झाडाखाली शिदोरी सुटते, तेव्हाही माणूस निवांत बोलतो, फक्त तिथे रेंज असावी लागते. सकाळी दहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर आमचं मशीन कुलपात.

बाजाराच्या दिवशी फोन करू नका, आदल्या संध्याकाळी करा. "उद्या बाजाराला येता तर दुकानात चक्कर टाका, वॉशर काढून ठेवतो." हा फोन कोणाला टोचत नाही. याच कारणासाठी यादी जिल्ह्यावारी न लावता वारानुसार लावायची.

हंगामाचं सांगायचं तर मृगाच्या तोंडावर आणि पेरणीत मशीन बंद. डवरणीत शक्यतो बंद. फवारणी पंपाचे फोन पेरणी उरकल्यावर. पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्याला सुट्टी, मुलींनाही. सोयाबीन निघताना ताडपत्रीचे फोन करायचे, पण ढग दिसायच्या आत, कारण पाऊस आल्यावर ताडपत्रीसाठी फोन लावायची गरजच राहत नाही, लोक धावत येतात. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन कापूस घरात आला की मग रोटाव्हेटर, ठिबक, मोठ्या गोष्टी. भंडारा-गोंदियाकडे रोवणी चालू असताना कोणी फोन घेत नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा अंबिया आणि मृग असे दोन बहार, त्यांचं कॅलेंडरच वेगळं.

आणि पावसानं खंड दिला, दुबार पेरणीचं बोलणं सुरू झालं, की त्या तालुक्याची यादी मी हातानं थांबवतो. डायलरमध्ये यासाठी काही सोय नसते, आकाशाकडे पाहूनच करावं लागतं.

१४० चा नंबर दिसला की लोक उचलतच नाहीत. मग काय उपयोग?

खरं आहे. ट्रूकॉलर असेल तर लाल पट्टीही दिसते. यावर चोरवाट शोधू नका, तो नंबर ओळखीचा करा. आम्ही बिलावर, कॅलेंडरवर, पंपाच्या खोक्यावर छापलं: "या नंबरावरून आमच्या दुकानाचा फोन येतो." बाजारात काउंटरवर आलेल्या माणसाच्या फोनमध्ये मुलगा स्वतः सेव्ह करून देतो, नावापुढे दुकानाचं नाव. ठिबकवाला म्हणून सेव्ह झालेला फोन उचलला जातो.

उलट वाटही चांगली चालते. मिस्ड कॉलचा एक नंबर भिंतीवर रंगवा: पंप बिघडला तर मिस्ड कॉल द्या. तो माणूस आपणहून बोलवतो आहे. त्याला परत लावलेला फोन आणि अनोळखी माणसाला लावलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे आता निम्म्याहून जास्त काम या परतीच्या फोनचंच असतं.

जुन्या गिऱ्हाइकाला केलेला फोन पण जाहिरातच धरतात का?

"तुमचा पंप दुरुस्त झाला, घेऊन जा" हा सेवेचा फोन. "तुमचा पंप जुना झाला, नवा घ्या" हा विक्रीचा. माणूस तोच, दुकान तेच, तरी फरक पडतो. जुनं गिऱ्हाईक म्हणून डीएनडीची तपासणी चुकवू नका. पंप दुरुस्तीच्या फोनच्या शेपटीला नव्या पंपाची ऑफर जोडायची हुशारीही नको.

मुलींनी काय बोलायचं? स्क्रिप्ट कोण लिहून देतं?

कोणी देऊ लागलं तर घेऊ नका. आम्हाला मिळालेलं स्क्रिप्ट असं सुरू व्हायचं: "नमस्कार सर, मी आपला अमूल्य वेळ घेऊ शकते का?" पहिल्याच दिवशी उत्तर आलं, "नाही."

गावात पहिल्या पाच सेकंदांत तीन गोष्टी कळाव्या लागतात: कुठून बोलता, कोणाचं दुकान, माझी ओळख कशी. "नमस्कार काका, बसस्टँडसमोरच्या ठिबकच्या दुकानातून बोलून राह्यली. मागच्या दिवाळीत तुम्ही ताडपत्री नेली होती ना आपल्याकडून?" प्रिव्ह्यू डायलरचा फायदा हाच, ताडपत्रीचं वाक्य पडद्यावर समोर असतं. मुली याच पट्ट्यातल्या घ्या. पुण्याच्या वळणाची शुद्ध मराठी ऐकली की आमच्याकडचा कास्तकार सावध होतो, त्याला वाटतं बँकेतून वसुलीचा फोन आहे. सर म्हणू नका. वयानुसार काका, भाऊ, दादा. बाईनं फोन उचलला तर "घरी कोणी आहे का?" असं विचारायचं नाही. ती आहेच घरी, आणि पुष्कळदा शेताचा व्यवहार तिलाच जास्त माहीत असतो. काकू किंवा ताई म्हणून तिच्याशीच बोलायचं.

बोलणं झाल्यावर मुलगी एक बटण दाबते, निकालाचं. तयार डायलरमध्ये "इच्छुक", "अनिच्छुक", "पुन्हा संपर्क" अशी बटणं येतात. ती काढून आम्ही आमची घातली: वावरात, पोरगा ठरवते, बाजाराला येतो म्हणे, कापूस विकल्यावर, नको, नंबर चुकला, मयत. "कापूस विकल्यावर" हे बटण दाबलेली नावं डिसेंबरात आपोआप वर येतात. वर्षातली मोठी विक्री त्यातूनच होते.

"मयत" बटण का, हे कोणी विचारत नाही, पण सांगतो. कधी ना कधी असा फोन लागतोच जिथे काकांना विचारल्यावर पलीकडे शांतता होते. तेव्हा विक्रीचा शब्द नाही. मुलगी दोन शब्द बोलते, फोन ठेवते, बटण दाबते, मला सांगते. नाव त्याच क्षणी यादीतून जातं. जवळचं गाव असेल तर मी जाऊन येतो.

रेकॉर्ड केलेला आवाज पाठवावा का? स्वस्त पडतो.

स्वस्त पडतो आणि तेवढाच चालतो. त्यालाही नोंदणी, १४०, डीएनडी सगळं लागू आहेच. "माहितीसाठी १ दाबा" म्हटलं की कीपॅड फोनवाला कानापासून फोन काढून दाबतोही. टचवाल्याचा पडदा कानाला लावल्यावर काळा झालेला असतो. तो उजळायचा, कीपॅड वर काढायचा, तोवर निरोप संपून फोन कट. चिखलाच्या बोटांनी तर राहू द्या. निरोप द्यायचाच असेल तर वीस सेकंदांत बसेल असा, एकच गोष्ट सांगणारा, आणि शेवटी मिस्ड कॉलचा नंबर दोनदा सावकाश. निवडणुकीच्या दिवसांत अजिबात पाठवू नका, लोकांचे कान आधीच किटलेले असतात.

लोक आपल्याला फसवणूकवाले समजतात.

समजणारच. सौर पंपाच्या नावानं खोट्या वेबसाइट, खोटे फोन येऊन लोकांचे पैसे गेले आहेत, केंद्र सरकारनंही कुसुम योजनेच्या बनावट संकेतस्थळांबद्दल वारंवार सावध केलं आहे. आमच्या खोलीतल्या भिंतीवर लिहिलं आहे: ओटीपी, आधार, सात-बारा, बँक खातं, यांतलं काहीही फोनवर विचारायचं नाही. अ‍ॅडव्हान्स फोनवर घ्यायचा नाही, दुकानात या म्हणायचं. कोणाला शंका आली तर "दुकानाच्या बोर्डावरच्या नंबरावर तुम्हीच फोन करा" म्हणायचं. आणि कोणी खरंच फसलं असं सांगत असेल तर १९३० वर लगेच फोन करायला सांगायचं, मग आपली विक्री झाली नाही तरी चालेल.

"पुन्हा फोन करू नका" म्हटलं तर?

तर करायचा नाही. आमची एक "नको वही" आहे, डायलरमधली आणि कागदावरची अशी दोन्ही. कागदावरची एवढ्यासाठी की सॉफ्टवेअर बदललं तेव्हा जुन्या कंपनीनं बाकी यादी दिली, नकोवाली दिली नाही.

लाईट आणि इंटरनेटचं काय?

एका बोलण्याला साधारण १०० केबीपीएस धरा, म्हणजे चार मुलींना फार वेग लागत नाही. वेगापेक्षा सलगपणा महत्त्वाचा. रस्त्याचं काम निघालं की जेसीबीनं फायबर तुटतं, तेव्हा मोबाईलचं हॉटस्पॉट हाताशी ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. बहुतेक जण संगणक इन्व्हर्टरवर घेतात आणि राउटर विसरतात.

मेळघाट, गडचिरोलीकडे डायलर चालेल का?

माझ्या मते नाही. रेंज नाही तिथे मशीन काय लावणार, आणि कोरकू, गोंडी, माडिया बोलणाऱ्या घरात मराठी पाठ केलेली वाक्यं काय कामाची? तिकडे आमचा माणूस आठवडी बाजारात पाल टाकून बसतो.

खर्च किती?

दर बदलत राहतात, म्हणून आकडा सांगत नाही. हिशोब कसा करायचा ते सांगतो. प्रत्येक खुर्चीचं मासिक भाडं, लाइनचं भाडं, डीएलटीचे पैसे, बोलण्याचे पैसे, आणि पगार. विचारायचं एकच: पल्स, म्हणजे बिल मोजायचा टप्पा, किती सेकंदांची? आपले बरेच फोन वीस सेकंदांत "आता वावरात हाव, मंग करा" म्हणून संपतात. साठ सेकंदांच्या पल्सवर त्याचे पूर्ण मिनिटाचे पैसे जातात, पंधराच्या पल्सवर तीसच सेकंदांचे. आमची पहिली तीन बिलं यातच फुगली होती. दुसरं, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. उन्हाळ्यात आणि पेरणीत मशीन बंद राहणार आहे, तेव्हा महिन्याच्या हिशोबानं खुर्च्या कमी-जास्त करू देणाराच पाहा.

एक मुलगी असेल तरी घ्यावं का?

एक मुलगी आणि पाचशेच्या आत नावं असतील तर डायलर नको. वही, साधा फोन आणि वाराप्रमाणे लावलेली यादी पुरते. नियम मात्र तेच राहतात, हातानं लावला म्हणून विक्रीचा फोन साध्या सिमवरून चालत नाही. सुरुवात मिस्ड कॉलच्या नंबरापासून करा. आधी बिलबुकं उतरवून काढा. नाही जमलं तर बाजार सोडून कोणत्याही वारी दुपारी दुकानात या, आमची बटणं आणि नको वही दाखवतो. बाबा असतीलच.